हँडल आवळून मागू नका
(नवी सायकल नेणाऱ्या पालकांसाठी)

नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्याकडे एक तक्रार रोज येते, "हँडल फार हलतंय, पोरगं पडेल. जरा आवळून द्या." आम्ही ते आवळून देत नाही. का, ते सांगतो.

दुकानात खुंटीला एक सुटं पुढचं चाक टांगलेलं आहे. आसाची दोन्ही टोकं दोन हातांत धरून ते समोर उभं धरा. वरची बाजू तुमच्यापासून लांब जाईल असं कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा. आता चाक डावीकडे कलवा. ते नुसतं कलत नाही, हातातल्या हातात डावीकडे वळतं! पहिल्यांदा धरणारा दचकतोच.

कारण असं : तुम्ही रिमच्या वरच्या भागाला डावीकडे ढकललंत, पण तो भाग वर थांबलेला नाही. तो रेटा घेऊनच तो पाव फेरीत पुढे येतो, म्हणून चाकाची पुढची बाजू डावीकडे जाते. त्याच फिरत्या चाकाचं आसाचं एक टोक दोरीला बांधून दुसरं सोडून दिलं, तर चाक खाली न पडता दोरीभोवती सावकाश फिरत राहतं. डोलणाऱ्या भोवऱ्यातही हेच घडतं. फ्रान्सच्या फूकोनं 1852 मध्ये अशाच फिरत्या चकतीनं पृथ्वीचं फिरणं दाखवलं आणि त्या यंत्राला जायरोस्कोप हे नाव दिलं.

मग सायकल या गिरकीमुळेच उभी राहते का? आम्हीही बरीच वर्षं तेच सांगायचो. पण इंग्लंडच्या डेव्हिड जोन्स यांनी पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं दुसरं चाक लावून गिरकीचा परिणाम मोडून काढला, तरी सायकल चालवता आली. हे 1970 मध्ये छापून आलं. म्हणजे गिरकी मदत करते, पण सगळा भार तिच्यावर नाही. खरी गोष्ट अशी की, सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल वळतं आणि चाकं पुन्हा भाराखाली येतात. मोकळ्या मैदानात रिकामी सायकल पळवत नेऊन सोडून बघा. वेग असेपर्यंत ती स्वतःला सावरत जाते.

हँडल आवळलं की हे सावरणंच बंद पडतं. मूल धडपडतं आणि आपण म्हणतो, त्याला तोल जमत नाही.

घरी तपासा : पुढचं चाक उचलून सायकल थोडी कलवा, हँडल अलगद त्या बाजूला पडलं पाहिजे. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. मानेत (हँडलचा दांडा फ्रेममध्ये जिथे फिरतो तिथे) खटखट झाली, तरच ती ढिली आहे. हँडल अडखळत फिरत असेल, तर बहुतेक वेळा ग्रीस वाळलेलं असतं किंवा छर्रे झिजलेले असतात. आपल्याकडच्या धुळीत हे लवकर होतं.

शिकवताना हँडल धरू नका, सीटच्या मागे धरा. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. आधी पॅडल न मारता, पायांनी रेटत जाऊ द्या.

हँडलची तपासणी आम्ही फुकट करून देतो. येताना मुलांनाही आणा आणि ते चाक धरू द्या. फक्त आऱ्यांत बोट जाऊ देऊ नका.