लाल की चाळीस नंबर? बोटीच्या गिअरबॉक्समधलं एटीएफ आणि इंजिन ऑइल

मिरकरवाड्याला असो की हर्णैला, शेजारी शेजारी लागलेल्या दोन ट्रॉलरच्या इंजिनरूममध्ये डोकावून बघा. दोन्हीकडे गिअरबॉक्स साधारण सारखाच दिसेल. इंजिनाच्या मागच्या टोकाला बोल्टांनी जखडलेला जड डबा, त्यातून पंख्याकडे (प्रोपेलरकडे) निघालेला शाफ्ट, वर डिपस्टिक, बाजूला कुलरच्या नळ्या. पण एकात लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) असतं आणि दुसऱ्यात चाळीस नंबरचं, म्हणजे एसएई ४० घट्टपणाचं, इंजिन ऑइल. आणि दोन्ही मालक आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एकाने दुसऱ्याचं बघून कॅन उचलला, की मग गडबड होते.

"ऑइल ते ऑइल, चाकं बुडाल्याशी मतलब" असं म्हणणारे बंदरावर कमी नाहीत. ट्रकच्या साध्या गिअरबॉक्सबद्दल बोलत असतील तर ते फार चुकीचं नाही. बोटीचा गिअरबॉक्स वेगळा. त्याला पाच-सहा गिअर नसतात. पुढे, मागे आणि न्यूट्रल, एवढाच संसार. इंजिनाच्या वेगाने मोठा पंखा फिरवला तर पाणी नुसतं घुसळलं जातं, म्हणून फेरे कमी करणारी चाकं आत असतात. पण पुढे जायचं की मागे, हे बहुतेकांत ठरवतात त्या क्लचच्या प्लेटा. एकीवर एक रचलेल्या आणि ऑइलमध्येच काम करणाऱ्या. लिव्हर टाकला की त्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि इंजिनाची सगळी ताकद त्यांच्यातून पंख्याकडे जाते.

म्हणजे इथे ऑइलला चाकं आणि बेअरिंग बुळबुळीत ठेवण्यापलीकडे आणखी कामं आहेत. हायड्रॉलिक गिअरबॉक्स असेल तर प्लेटा दाबायचा जोरही त्याच ऑइलच्या दाबातून येतो. आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे प्लेटांच्या मधे राहून त्यांना हळूच पकडू द्यायचं, एकदा पकडल्या की निसटू द्यायचं नाही आणि न्यूट्रल केलं की चटकन सोडवायचं. ऑइल बदललं तर हा पकडीचा स्वभाव बदलतो. एटीएफ आणि इंजिन ऑइल यांच्यातला खरा फरक इथे आहे. रंग नंतर.

एटीएफचा जन्म मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी झाला. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने १९४९ मध्ये त्याचा 'टाइप ए' हा पहिला दर्जा ठरवला, पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'डेक्सरॉन' नाव आलं. ही नावं आजही कॅनवर दिसतात. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पडताना धक्का बसू नये म्हणून प्लेटांची पकड मऊ करणारी रसायनं यात घालतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या कामासाठी चक्क व्हेल माशाचं तेल वापरायचे. अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि कंपन्यांना दुसरा उपाय शोधावा लागला. लाल रंग मात्र नुसता रंग आहे. इंजिन ऑइलशी घोटाळा होऊ नये आणि गळती कुठून होते ते कळावं, एवढ्यासाठी घातलेला. तो उष्णतेने तपकिरी पडतो, त्यामुळे फक्त रंग गेला म्हणून ऑइल संपलं असं नाही, आणि लाल दिसतंय म्हणून ते एटीएफच आहे याचीही खात्री नाही.

दुसरा फरक पातळपणाचा. शंभर अंश सेल्सिअसला जुन्या डेक्सरॉन जातीचं एटीएफ साधारण सात-साडेसात सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) भरतं. तीस नंबरचं इंजिन ऑइल ९.३ ते १२.५ मध्ये बसतं आणि चाळीस नंबरचं १२.५ ते १६.३ मध्ये. म्हणजे गरम झाल्यावर चाळीस नंबर लाल ऑइलच्या जवळजवळ दुप्पट घट्ट. ज्या गिअरबॉक्सचा पंप, झडपा आणि सील पातळ ऑइल धरून बनवलेत, त्यात घट्ट ऑइल घातलं तर गार असताना लिव्हर टाकल्यावर बोट उशिरा हलते आणि न्यूट्रलला प्लेटा नीट सुटत नाहीत. धक्क्याला बांधलेली बोट न्यूट्रलमध्येच पुढे सरकायला बघते. उलट, चाळीस नंबरच्या गिअरबॉक्समध्ये एटीएफ घातलं तर सकाळी बंदरातून निघताना सगळं झकास वाटतं. दुपारी जाळं ओढताना डबा तापला की दाब उतरतो, प्लेटा घसरायला लागतात, इंजिन जोरात आणि बोट संथ. प्लेटा घसरल्या की आणखी तापतात, तापल्या की आणखी घसरतात. एवढं झाल्यावर ऑइल बदलून भागत नाही, डबा खोलावा लागतो.

मग कुठल्यात काय? हर्थच्या, म्हणजे आताच्या झेडएफच्या, एचबीडब्ल्यू मालिकेतल्या छोट्या गिअरबॉक्सना एटीएफ लागतं. शिडाच्या आणि हौशी बोटींवर हे पुष्कळ दिसतात. बोर्ग वॉर्नरचा जुना 'व्हेल्व्हेट ड्राइव्ह' बहुतेक ठिकाणी एटीएफवरच चालतो. ट्विन डिस्कच्या मोठ्या कामाच्या गिअरबॉक्सना मात्र तीस किंवा चाळीस नंबरचं एकाच ग्रेडचं इंजिन ऑइल लागतं. आपल्याकडच्या मासेमारी बोटींवर दिसणारे चिनी 'ॲडव्हान्स' गिअरबॉक्सही याच घरातले. इथवर वाटेल की कंपनी लक्षात ठेवली की काम झालं. पण यानमारचं बघा. त्यांच्या केएम२पी मध्ये इंजिन ऑइल जातं, तेही जेमतेम ०.३ लिटर, आणि केबीडब्ल्यू२० मध्ये एटीएफ. इंग्लंडच्या पीआरएमचंही तसंच: १२० ला लाल, १५० ला इंजिन ऑइल. त्यामुळे "यानमारला हे चालतं" असं कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा, कुठल्या यानमारला? डब्यावर ठोकलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर हाच पुरावा. ती पट्टी रंगाखाली गेली असेल तर ऑइल विकत आणायच्या आधी रंग खरवडा.

इंजिन ऑइल म्हटलं की दुकानदार १५डब्ल्यू-४०, म्हणजे मल्टिग्रेड, पुढे करतो, कारण आजकाल तेच खपतं. इथेही थांबायचं. मल्टिग्रेड ऑइल गरम झाल्यावर फार पातळ पडू नये म्हणून त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू घातलेले असतात. चाकांच्या दातांमध्ये ते कापले जातात आणि ऑइल हळूहळू पातळ होत जातं. ट्विन डिस्क म्हणूनच मल्टिग्रेड नको म्हणते. पीआरएम १५० ला मात्र तेच १५डब्ल्यू-४० चालतं. इंजिनात घालतो तेच गिअरबॉक्समध्ये, अशी सोय बोटीवर आवडतेच सगळ्यांना, पण ती ज्याच्या पट्टीवर किंवा पुस्तकात लिहिलीय त्यानेच घ्यावी. शिवाय डिझेल वाचवतो असं सांगणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात. इंजिनाला ती बरी, ओल्या क्लचला वाईट. मोटारसायकलवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

लाल ऑइल आणतानाही डोळे उघडे ठेवा. आपल्या बाजारात ते 'पॉवर स्टिअरिंग ऑइल' म्हणून मागितलं जातं, कारण ट्रक-ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमध्ये टाइप ए जातीचं एटीएफ वापरतात. कॅनवर टाइप ए किंवा डेक्सरॉन लिहिलेलं असेल आणि गिअरबॉक्सच्या पुस्तकात तोच दर्जा असेल तर बिनधास्त घ्या. नव्या गाड्यांसाठीचं सीव्हीटी फ्लुइड मात्र शेल्फवर शेजारी असलं तरी वेगळी चीज आहे, ते घेऊ नका.

या दोघांच्या भांडणात तिसरा घुसतो तो नव्वद नंबर. ओबीएम (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) वापरून इनबोर्डवर (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनावर) आलेले लोक हा हमखास बरोबर आणतात. ओबीएमच्या खालच्या डब्यात ८०डब्ल्यू-९० जातीचं गिअर ऑइल बरोबरच आहे. तिथे पुढे-मागे करायला दात असलेला क्लच असतो, घर्षणाच्या प्लेटा नसतात. इनबोर्डच्या गिअरबॉक्समध्ये तेच ओतलं तर प्लेटा घसरतात, आणि त्यातली जड दाबासाठीची गंधकयुक्त द्रव्यं तांबं-कासं असलेल्या भागांना खातात. एटीएफ आणि चाळीस नंबरची अदलाबदल निदान डबा तापेपर्यंत तरी निभावून जाते. नव्वद नंबर ओतला गेला असेल तर इंजिन चालू न करता काढा.

बदलायची रीत दोन्हींना जवळपास एकच. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑइल कोमट करायचं, म्हणजे ते लवकर वाहतं आणि गाळही घेऊन येतं. ड्रेन प्लग डब्याच्या तळाला असतो खरा, पण इनबोर्डचा गिअरबॉक्स बोटीच्या इतका खाली बसतो की प्लगखाली भांडं सोडा, हातही जात नाही. म्हणून डिपस्टिकच्या भोकातून नळी घालून हातपंपाने ओढायचं. नळी अगदी तळाला टेकली पाहिजे, नाहीतर सगळ्यात घाण भाग आतच राहतो. जाळी किंवा फिल्टर असेल तर तो धुवायचा किंवा बदलायचा, आणि ओ-रिंग जुनी परत बसवायची नाही. दहा रुपयांची रिंग वाचवली आणि दाब गळला, तर लक्षणं अगदी चुकीचं ऑइल घातल्यासारखीच दिसतात, आणि मग शोध भलतीकडे सुरू होतो.

किती काढलं ते मोजा, पण तेवढंच भरायचं असं समजू नका. कुलरमध्ये आणि नळ्यांत थोडं राहतंच. भरून, इंजिन न्यूट्रलला थोडा वेळ फिरवून मग पातळी बघायची, आणि ती बघायची पद्धत ऑइलवर नाही तर गिअरबॉक्सवर ठरते. व्हेल्व्हेट ड्राइव्हमध्ये गरम इंजिन बंद केल्याबरोबर लगेच बघतात, कारण उशीर केला तर कुलरमधलं ऑइल खाली उतरून पातळी खोटी जास्त दिसते. हर्थ एचबीडब्ल्यूमध्ये डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. फिरवून बसवली आणि मग वाचली तर आकडा चुकतो. ट्विन डिस्कच्या बऱ्याच मॉडेलांत इंजिन संथ चालू ठेवून न्यूट्रलमध्ये बघायचं असतं. जास्त भरणं हेही नुकसानच. चाकं ऑइल घुसळतात, फेस होतो, फेसाला दाब धरता येत नाही.

काढलेलं जुनं ऑइल लगेच ड्रममध्ये ओतू नका, पांढऱ्या भांड्यात घेऊन नीट बघा. पाणी शिरलं असेल तर एटीएफ स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी दिसतं, आणि इंजिन ऑइल दुधाळ, मळकट पिवळं होतं. पाणी बहुधा कुलरमधून येतं. बोट चालू असताना ऑइलचा दाब जास्त, तेव्हा ऑइल बाहेर जातं आणि एक्झॉस्टच्या पाण्यावर तवंग दिसतो. बंद असताना खारं पाणी आत शिरतं. कुलरला झिंक (कुलरऐवजी स्वतः गंजणारा जस्ताचा तुकडा) असेल तर तो खाऊन संपला का ते आधी बघा. पाणी निघालं तर एकदा बदलून भागत नाही. कुलर दुरुस्त करून, नवं भरून, थोडं चालवून पुन्हा काढायचं, ऑइल स्वच्छ निघेपर्यंत. जळका वास आला तर प्लेटा घसरल्यात. बारीक राखाडी चिखल चालेल, नखात टोचेल असा धातूचा कण चालणार नाही.

कधी बदलायचं यावर मात्र पुस्तक आणि बंदर यांचं जमत नाही. हर्थचं पुस्तक पहिल्या २५ तासांनी आणि नंतर निदान वर्षातून एकदा म्हणतं. रविवारी फेरफटका मारणाऱ्या बोटीला वर्ष ठीक आहे. ट्रॉलरचं इंजिन फेरीवर असताना दिवसाला वीस तास चालत असेल तर पंधरा दिवसांत ३०० तास होतात, हौशी बोटीची दोन-तीन वर्षं तिथेच संपली. मासेमारी बोटीने कॅलेंडर सोडून तासांचं मीटर बघावं, आणि आपल्या मॉडेलच्या पुस्तकात तासांचा जो आकडा असेल तो पाळावा.

आणि १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत बोट वर काढायची असेल तर ऑइल मे महिन्याच्या शेवटी बदला. बहुतेक जण नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, बोट पुन्हा पाण्यात ढकलताना बदलतात. खर्च पुढे ढकलायची सोय म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण तोवर सगळा पावसाळा बेअरिंग आणि प्लेटा त्याच जुन्या, ओल आणि आम्ल धरलेल्या ऑइलमध्ये बसून असतात. मे अखेरीस बदलून पाच मिनिटं न्यूट्रलला आणि क्षणभर पुढे-मागे टाकून चालवलं की नवं ऑइल सगळीकडे पोचतं. काढलेलं जुनं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं. ते खाडीत न सोडता कॅनमध्ये भरून, अधिकृतपणे घेणाऱ्याकडे द्यायचं.

जुनी बोट विकत घेतलीत, पट्टी नाही, पुस्तक नाही, आणि डिपस्टिकवर काहीतरी तपकिरी आहे, अशा वेळी आत आहे तेच टॉप-अप करू नका. आधीच्या मालकाने काय ओतलं असेल ते कोण सांगणार. डब्याचा आकार, ओतीव अक्षरं आणि शाफ्टच्या कपलिंगचे फोटो काढून त्या जातीचे गिअरबॉक्स खोलणाऱ्या मिस्त्रीला दाखवा. मॉडेल कळलं की सगळं ऑइल काढा, योग्य ते भरा, थोडं चालवून पुन्हा एकदा काढून भरा, आणि डब्यावर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: 'एटीएफ' किंवा '४०'.