बेघरांच्या मोजणीला आधार कार्ड लागत नाही

‘आधार नाही त्याची नोंदच होत नाही, आणि नाव दिलं की भिक्षेकरी गृहात उचलून नेतात.’ बेघरांची मोजणी करायला निघालेल्या आपल्या स्वयंसेवकांना परभणी-नांदेडच्या फलाटांवर झोपणाऱ्यांकडून हे नेहमी ऐकू येतं.

पहिली गोष्ट साफ चुकीची. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक फुटपाथ, पूल, फलाट, मंदिरांच्या पायऱ्या फिरले. देशात १७.७३ लाख बेघर नोंदले गेले, महाराष्ट्रात २ लाखांहून जास्त. जनगणनेत कागद दाखवावा लागत नाही.

दुसरी भीती मात्र हवेतून आलेली नाही. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने उपजीविकेचं साधन न दिसणाऱ्या माणसालाही पकडता येतं. पण मोजणीचा त्याच्याशी संबंध नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने माहिती गुप्त राहते. स्वयंसेवकांच्या मोजणीला ते कवच नाही, म्हणून आपण नाव विचारायचंच नाही, फोटोही नाही. जागा, अंदाजे वय, बाई की पुरुष, सोबत लेकरं किती, एवढंच. झोपलेल्याला तर उठवूच नका, कृपा करून.

सगळ्या गावांत एकच रात्र, एकच वेळ ठेवायची, नाहीतर पूर्णेत मोजलेला माणूस पहाटेच्या गाडीनं नांदेडला उतरून पुन्हा मोजला जातो. आणि बीडचे ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कारखान्यांवर असतात. म्हणून जानेवारीत मोजलेला आकडा वर्षभराचा समजू नका.

हा आकडा नगरपालिकेकडे न्यायचा. केंद्र सरकारच्या, २०२४ मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषात १ लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा निवारा धरलेला होता.