एलेनी दानिलिदू

दानिलिदू, एलेनी : (१९ सप्टेंबर १९८२). ग्रीसची माजी व्यावसायिक टेनिसपटू. जन्म क्रीट बेटावरील हानिया येथे. रोमन लिपीतले स्पेलिंग पाहून आपल्याकडे हे गाव सहज ‘चानिया’ होते. मूळ उच्चार ‘ह’च्या जवळचा आहे. आडनावाचीही एक गंमत आहे. ग्रीकमध्ये पुरुषाचे आडनाव दानिलिदिस असेल, तर त्याच घरातली स्त्री दानिलिदू होते.

उजव्या हाताने खेळणाऱ्या एलेनीचा फोरहँड जोरकस होता, पण बघणाऱ्यांच्या लक्षात राहिला तो तिचा एकहाती बॅकहँड, म्हणजे डाव्या बाजूला आलेल्या चेंडूवरचा फटका. तिच्या पिढीत महिला टेनिसमध्ये दोन्ही हातांनी बॅकहँड मारणे हाच शिरस्ता झाला होता. जुस्तिन हेनिन आणि आमेली मोरेस्मो यांच्यासारख्या मोजक्या खेळाडूंनी एकहाती फटका जपला, त्यांच्यात ती एक.

जून २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या डेन बॉस येथे, विम्बल्डनच्या तोंडावर होणाऱ्या हिरवळीवरच्या स्पर्धेत, तिने महिला टूरवरचे पहिले विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात रशियाच्या एलेना देमेन्तिएवाविरुद्ध पहिला सेट गमावूनही तिने ३–६, ६–२, ६–३ अशी बाजी पलटवली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढच्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यांत न्यूझीलंडमधील ऑकलंडला तिने दक्षिण कोरियाच्या चो यून-जोंगला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये (सेट ६–६ असा बरोबरीत आल्यावरच्या निर्णायक गेममध्ये) हरवले आणि तशीच ती मेलबर्नला पोहोचली.

जानेवारी २००३ ची ऑस्ट्रेलियन ओपन हा तिच्या कारकिर्दीतला सर्वांत भरगच्च पंधरवडा म्हणावा लागेल. एकेरीत ती चौथ्या फेरीत गेली. तिथे समोर होती सेरेना विल्यम्स, ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी आधीच्या तिन्ही जिंकून आलेली. सेरेनाने ६–४, ६–१ असा विजय मिळवला आणि पुढे विजेतेपदही घेऊन चारही करंडक एकाच वेळी आपल्याकडे ठेवले. त्याच स्पर्धेत मिश्र दुहेरीत एलेनीचा जोडीदार होता ऑस्ट्रेलियाचा टॉड वुडब्रिज, दुहेरीतला मुरलेला खेळाडू. ही जोडी अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. पलीकडे उभे होते लिअँडर पेस आणि मार्टिना नवरातिलोवा.

भारतात एलेनीचे नाव कुणाला आठवत असेल तर बहुधा या सामन्यामुळे. मूळ गोव्याच्या कुटुंबातला पेस आणि शेहेचाळीस वर्षांची नवरातिलोवा यांनी तो ६–४, ७–५ असा जिंकला. चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांत एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी सगळी विजेतेपदे मिळवण्यात नवरातिलोवाला एवढाच एक करंडक कमी होता. अशा ऐतिहासिक सामन्यांत हरणाऱ्या जोडीचे नाव फक्त निकालाच्या ओळीत उरते. वीस वर्षांच्या एलेनीसाठी मात्र ग्रँड स्लॅमचा अंतिम सामना म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

मे २००३ मध्ये ती एकेरीच्या जागतिक क्रमवारीत १४ व्या स्थानावर पोहोचली. हा तिचा उच्चांक. क्रमवारीत मागच्या बावन्न आठवड्यांचे गुण धरले जातात. त्यामुळे डेन बॉस, ऑकलंड आणि मेलबर्न या तिन्ही ठिकाणची कमाई त्या वेळी एकत्र खात्यावर होती. जून उजाडला की डेन बॉसचे गुण वजा होणार होते. पुन्हा तेवढ्या उंचीवर तिला जाता आले नाही.

तरी ती एका मोसमापुरती चमकली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ऑकलंडचे विजेतेपद तिने २००४ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅशली हार्कलरोडला हरवून राखले. २००६ मध्ये सोल येथे जपानच्या आई सुगियामाविरुद्ध ६–३, २–६, ७–६ असा निसटता विजय मिळवला. पाचवे आणि शेवटचे विजेतेपद २००८ मध्ये होबार्टला आले, तेही अंतिम सामना न खेळता : वेरा झ्वोनारेवा दुखापतीमुळे कोर्टवर उतरू शकली नाही आणि एलेनीला पुढे चाल मिळाली. पाचपैकी चार विजेतेपदे हार्ड कोर्टवरची, एक हिरवळीवरचे. भूमध्य समुद्राकाठच्या या खेळाडूला मातीच्या कोर्टवर एकही मिळाले नाही. दुहेरीत जानेवारी २००७ मध्ये ती २१ व्या स्थानावर होती. नंतर मात्र मोठ्या स्पर्धांतून तिची पीछेहाट होत गेली.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती यजमान देशाकडून खेळली. त्या काळात ग्रीक टेनिसचा मोठा भार तिच्या एकटीवर होता. पीट सँप्रस, मार्क फिलिपूसिस ही ग्रीक वंशाची नावे गाजली खरी, पण ती अमेरिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या खात्यावर. तिच्याआधी ग्रीसकडून महिलांत ठसा उमटवला होता अँजेलिकी कानेलोपूलूने. १९८७ मध्ये ती ४३ व्या स्थानापर्यंत पोहोचली होती. पुढे याच कानेलोपूलूच्या मुलीने, मारिया साक्कारीने, २०२१ मध्ये एलेनीच्या १४ व्या स्थानाचा उच्चांक मागे टाकला आणि पहिल्या दहांत प्रवेश केला. साक्कारी बॅकहँड दोन्ही हातांनी मारते.