नोकरदार आईच्या ताणाची मोजणी : पार्श्वभूमी

नोकरी करणाऱ्या आईची दखल मानसशास्त्राच्या आधी कायद्याने घेतली. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने उद्योग व व्यापारातील स्त्रियांसाठी १२ आठवड्यांची प्रसूती रजा आणि स्तनपानासाठी रोज अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन सुट्या ठरवल्या. २००० च्या करारात ती रजा १४ आठवड्यांची झाली. रजा संपल्यानंतरच्या वर्षांत मूल कोण सांभाळणार, याबाबत मात्र हे करार फारसे काही सांगत नाहीत, आणि खरी ओढाताण तेव्हाच सुरू होते.

त्या ओढाताणीत अपराधी भावाची भर घातली ती १९५१ च्या एका अहवालाने. आईपासून दीर्घकाळ दुरावल्यास मुलाच्या मानसिक आरोग्याला धोका पोहोचतो, असे त्यात म्हटले होते. तो मुख्यतः बेघर व संस्थांत वाढणाऱ्या मुलांविषयी होता, तरी संध्याकाळी घरी परतणाऱ्या पाळणाघरातील मुलांनाही त्याचे निष्कर्ष सर्रास लावले गेले. हजाराहून अधिक मुलांच्या, १९९१ मध्ये सुरू झालेल्या एका दीर्घ अमेरिकी अभ्यासात पाळणाघरामुळे आई-मुलाचे नाते आपोआप असुरक्षित होत नसल्याचे दिसले, पण तोवर चार दशके उलटली होती.

सर्वाधिक परिणाम झाला तो ताण मोजण्याच्या पद्धतीसंबंधी घेतलेल्या एका निर्णयाचा. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुढे अनेक देशांत वापरल्या गेलेल्या प्रश्नावलीने ताणाचे दोन मुख्य विभाग केले : मुलाच्या स्वभावातून येणारा आणि पालकाच्या स्वतःच्या स्थितीतून येणारा. नोकरीतील घडामोडींसारखे बाहेरचे ताण ऐच्छिक पुरवणीत गेले, आणि १९९५ च्या ३६ प्रश्नांच्या संक्षिप्त आवृत्तीतून ती पुरवणीही गळाली. या मांडणीच्या बाजूने असे म्हणता येते की, अडचणीतील पालक व मुले वेळीच ओळखणे हा प्रश्नावलीचा हेतू होता आणि त्यासाठी ती उपयुक्तच ठरली. परंतु हेच साधन नोकरदार मातांच्या अभ्यासात वापरले, की कामाचे तास, पाळ्या आणि ऐनवेळी न मिळणारी रजा यांचा भार ‘आईची अस्वस्थता’ किंवा ‘अवघड मूल’ या रकान्यांत जमा होतो. वास्तविक १९८५ मध्येच व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी काम आणि कुटुंब यांच्यातील संघर्षाचे वेळेचा, ताणाचा व वर्तनाचा असे तीन प्रकार मांडले होते; बालविकासाच्या संशोधनाने ती मांडणी बराच काळ बाजूलाच ठेवली.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा व पाळणाघरे बंद झाली, तेव्हा आई तीच होती, मूलही तेच होते, तरी ताण वाढला. त्यानंतरच्या अभ्यासांत सांभाळाची सोय, कामाच्या वेळा आणि वडिलांचा वाटा यांविषयी अधिक विचारणा होऊ लागली. तीही बहुधा जुन्या प्रश्नावलीला जोडलेल्या वेगळ्या प्रश्नांच्या रूपात.