कृष्णवर्णीय स्त्रियांमधील केसगळती

अमेरिका, कॅरिबियन बेटे, ब्रिटन आणि खुद्द आफ्रिका येथील आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये विशेषत्वाने आढळणारे केसगळतीचे प्रकार, आणि गेलेले केस परत यावेत म्हणून त्यांनी केलेले उपाय, हा या नोंदीचा विषय. चाई, बाळंतपणानंतरची गळती, वयाबरोबर येणारा विरळपणा हे सगळे याही स्त्रियांना होते. पण त्यांच्याबाबतीत वेगळे सांगावेत असे प्रकार दोन आहेत : केस सतत ओढले गेल्याने कपाळ आणि कानशिलांच्या कडेला पडणारे टक्कल, आणि माथ्याच्या मध्यावर सुरू होऊन बाहेर पसरत जाणारे व्रणकारी टक्कल. दोन्हींत कळीचा प्रश्न एकच असतो. केस त्वचेतल्या ज्या पिशवीतून उगवतो ते केशपुटक जिवंत आहे की नाही? जिवंत असेल तर केस परत येऊ शकतो. त्याच्या जागी व्रणाचे तंतू भरले असतील, तर तिथे कोणतेही तेल, मलम वा गोळी केस उगवू शकत नाही. म्हणून या विकारांत औषधापेक्षाही वेळ मोलाची ठरते, आणि नेमकी तीच वाया जाते. अमेरिकेत २०१६ साली जाहीर झालेल्या एका पाहणीत ५,५९४ कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ४७.६ टक्के स्त्रियांनी माथ्यावरचे केस गेल्याचे सांगितले. केसांसाठी डॉक्टरकडे कधीच न गेलेल्या स्त्रिया होत्या ८१.४ टक्के.

केसाची घडण. आफ्रिकी केसाचा आडवा छेद लंबगोल, चपटा असतो आणि त्याचे केशपुटकही त्वचेखाली वाकलेले असते. त्यामुळे केस कुरळा नव्हे, तर स्प्रिंगसारखा गुंडाळलेला उगवतो. प्रत्येक वळण हा एक कमकुवत बिंदू. डोक्याच्या त्वचेतून स्रवणारे तेल या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून केस कोरडा राहतो आणि विंचरताना तुटतो. वाढीचा वेगही कमी असतो : युरोपीय केस दिवसाला सुमारे ०.४ मिलिमीटर वाढतो, तर आफ्रिकी केस सुमारे ०.२५ मिलिमीटर. ‘आमचे केस वाढतच नाहीत’ ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. वास्तविक केस वाढत असतात, पण जेवढे मुळाशी वाढतात तेवढेच टोकाशी तुटतात. तुटणे आणि मुळापासून जाणे यांतला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

ओढीचे टक्कल. घट्ट वेणी घातली की डोके ठणकते, हे आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलीला सांगावे लागत नाही. कवटीला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या, त्यांवर शिवलेली गंगावने, लॉक्स म्हणजे वळलेल्या जटा, आवळून बांधलेला अंबाडा यांत ती ओढ आठवडेच्या आठवडे टिकते. मुळाशी बारीक फोड येतात, मग कडेचे केस विरळ होतात. या कडेच्या केसांना अमेरिकेत ‘एजेस’ म्हणतात. त्या जेलने बसवून नीट वळवणे ही स्वतंत्र कला आहे, आणि ‘माझ्या एजेस गेल्या’ हे वाक्य तिथे पुष्कळदा कुजबुजत बोलले जाते. डॉक्टर एक खूण पाहतात : टक्कल पडलेल्या पट्ट्याच्या पुढे, कपाळालगत, जावळासारख्या केसांची एक बारीक झालर उरलेली असते. हे केस इतके आखूड की वेणीत कधी सापडलेच नाहीत, म्हणून वाचले.

हा विकार कोणा एका वंशाचा नाही. त्याचे पहिले वर्णन १९०७ साली झाले ते ग्रीनलंडमधल्या, केस डोक्यावर उंच आवळून बांधणाऱ्या स्त्रियांचे. पगडीखाली केस घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्येही तो नोंदलेला आहे. मात्र दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या नॉनह्लानह्ला खुमालो आणि सहकाऱ्यांना प्रौढ स्त्रियांपैकी ३१.७ टक्के आणि शाळकरी मुलींपैकी १७.१ टक्के इतक्या प्रमाणात तो आढळला. रसायनाने सरळ केलेल्या केसांवर लगेच वेण्या घातल्या की धोका सर्वांत जास्त, हेही त्यांच्या कामातून पुढे आले. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस भरून येतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर तिथेही शेवटी व्रण होतो. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकी हवाई दलाने स्त्रियांना वेणी आणि पोनीटेल ठेवण्याची मुभा दिली, तेव्हा सक्तीच्या घट्ट अंबाड्याने होणारी डोकेदुखी आणि केसगळती ही कारणे अधिकृतपणे दिली होती.

या प्रकरणाशी भारताचा एक धागा थेट जोडलेला आहे. वेण्यांवर शिवण्यासाठी जे ‘अस्सल मानवी केस’ महाग विकले जातात, त्यांतला मोठा वाटा भारतातून जातो. तिरुमलाला मुंडण करून वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते. महाराष्ट्रातून तिरुपतीला गेलेल्या कोणा बाईचा नवस अटलांटातल्या कोणा बाईचे टक्कल झाकत असेल, हे अशक्य नाही.

माथ्यावरचे व्रणकारी टक्कल. हा दुसरा प्रकार अधिक गंभीर आणि अधिक गैरसमजांचा. साधारण तिशी-चाळिशीत माथ्याच्या मध्यावर आग होते, खाज सुटते, हात लावला तरी दुखते. कित्येकींना मात्र यातले काहीच होत नाही. तिथले केस आखूड तुटू लागतात. मग पैशाएवढा चट्टा दिसतो आणि तो गोलाकार वाढत जातो. त्वचा गुळगुळीत, चकचकीत होते आणि केशपुटकांची तोंडेही दिसेनाशी होतात.

१९६८ साली अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी या विकाराला तापल्या फणीचे नाव दिले. केस सरळ करण्यासाठी फणी तापवत आणि केसांना व्हॅसलीनसारखे स्निग्ध मलम लावत. ते मलम वितळून मुळात उतरते आणि केशपुटक भाजते, असा तर्क होता. तर्क सुटसुटीत होता आणि दोष बाईच्या पदरात टाकणारा होता. ज्यांनी अशी फणी कधी वापरली नाही त्यांनाही हा विकार होतो, हे १९९२ साली स्पर्लिंग आणि साऊ या दोघांनी दाखवून दिले. केशपुटकाचे आतले अस्तर वेळेआधीच विरत असल्याचे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. २०१९ साली डर्बनच्या न्कोझा ड्लोवा आणि इस्रायलचे एली स्प्रेचर यांच्या गटाने ५८ रुग्ण स्त्रियांपैकी १४ जणींत पीएडीआय-३ या जनुकातले दोष शोधले. केसाला आकार देणाऱ्या आतल्या अस्तरातली प्रथिने तयार होण्यासाठी हे जनुक लागते. काही मुलांचे केस जन्मतः पिंजारलेले, न विंचरता येणारे असतात, त्यांच्यातही याच जनुकाचा दोष आधी सापडला होता. म्हणजे विकार किमान काही जणींत रक्तातून येतो; ओढ, उष्णता आणि रसायने त्यात भर घालत असावीत. आई, मावशी, आजी यांचा माथा कसा होता, हा प्रश्न म्हणूनच तपासणीत विचारला जायला हवा. घरोघरी त्याचे उत्तर ‘आमच्याकडे सगळ्यांचे असेच’ असे ठरलेले असते आणि विषय तिथेच मिटतो.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या नोंदींवर आधारलेल्या २०१८च्या अभ्यासात हे टक्कल असलेल्या १३.९ टक्के कृष्णवर्णीय स्त्रियांना गर्भाशयात तंतुगाठी, म्हणजे फायब्रॉइड, असल्याचे आढळले. इतर कृष्णवर्णीय स्त्रियांत हे प्रमाण ३.३ टक्के होते. दोन्हींत तंतुमय ऊतक अतिरिक्त वाढते. एकामुळे दुसरे होते असे यावरून म्हणता येत नाही, पण माथा दाखवायला आलेल्या बाईला पाळीत फार रक्तस्राव होतो का हे विचारायला एवढे कारण पुरेसे आहे.

केस उगवण्याचा धंदा. केस परत आणण्याच्या आशेवर अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांनी उभारलेले पहिले मोठे उद्योग उभे राहिले. सारा ब्रीडलव्ह ही १८६७ साली लुइझियानातल्या डेल्टा गावी जन्मली. तिचे आईवडील पूर्वी गुलाम होते. सेंट लुइसला धुणी धुऊन पोट भरताना तिचे केस गळू लागले. ॲनी टर्नबो (पुढे मलोन) ही तेव्हा ‘पोरो’ या नावाने प्रसिद्ध झालेली आपली केसांची औषधे विकत असे. सारा तिची विक्रेती झाली, १९०५ साली डेन्व्हरला गेली आणि पुढच्या वर्षी चार्ल्स वॉकरशी लग्न करून ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने स्वतःचे ‘वंडरफुल हेअर ग्रोअर’ हे केस वाढवण्याचे मलम विकू लागली. कृती स्वप्नात एका कृष्णवर्णीय पुरुषाने सांगितली, असे ती म्हणे. मलोनचे म्हणणे अर्थातच वेगळे होते, आणि दोन्ही मलमांत मुख्य घटक गंधकच होता हे पाहता स्वप्नाकडे जाहिरात म्हणूनच बघणे बरे.

तरीही मलम निव्वळ भूलथाप नव्हते. घरात नळ नाही, थंडीत डोके क्वचित धुतले जाई, कोंडा आणि त्वचेचे संसर्ग सर्रास असत. नियमित धुणे आणि गंधकाचे मलम यांनी त्वचा बरी झाली की केशपुटक जिवंत असलेल्या जागी केस येत. वॉकरने दारोदार विकणाऱ्या हजारो स्त्रियांना मिळकत मिळवून दिली. १९१७ साली फिलाडेल्फियात त्यांचे अधिवेशन भरले. १९१९ साली ती वारली. तापली फणी तिने शोधली ही मात्र दंतकथा आहे; फणी आधीपासून युरोपात होती.

आजच्या बाजारात वॉकरच्या डबीची जागा तेलांनी घेतली आहे. त्यांत पहिला मान जमैकाच्या काळ्या एरंडेलाचा : एरंडाच्या बिया भाजून, कुटून, उकळून काढलेले गडद, धुरकट वासाचे तेल. आपल्याकडे एरंडेल म्हटले की पोट साफ करण्याची शिक्षा आठवते. तिथे ते रोज रात्री एजेसना चोळले जाते. आफ्रिकेतल्या चाड देशातल्या बसारा स्त्रियांची, केसांना लावायची चेबे ही वनस्पतीजन्य पूडही अलीकडे सगळीकडे विकली जाते. ही दोन्ही केस मऊ ठेवतात, तुटणे कमी करतात, म्हणून लांबी वाढल्यासारखी दिसते. बंद झालेले केशपुटक ती उघडत नाहीत. विक्रेते तुटणे आणि गळणे यांतला फरक सांगत नाहीत. आशा विकली जाते ती नेमकी या फटीतून.

निदान व उपचार. त्वचारोगतज्ज्ञ भिंगाने केशपुटकांची तोंडे पाहतो आणि शंका असल्यास चार मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा काढून तपासतो. ओढीच्या टकलात पहिला उपचार म्हणजे केस सैल सोडणे, जोडीला मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध. व्रणकारी टकलात आधी दाह विझवावा लागतो : स्टेरॉइडचे मलम, माथ्यात ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने, डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या. त्यानंतर उरलेल्या केशपुटकांना बळ देण्यासाठी मिनॉक्सिडिल. उद्दिष्ट गेलेले परत आणणे हे नसून आहेत ते राखणे हे असते, आणि पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगणारा डॉक्टर भेटणे हा नशिबाचा भाग. केसांचे रोपण विकार शांत होऊन बराच काळ लोटल्यावरच करतात. वाकलेली केशपुटके काढताना कापली जातात आणि काही जणींत जखमेवर जाड व्रण उठतो, त्यामुळे त्यासाठी सरावलेला हात लागतो.

दवाखान्यातली अडचण कधी कधी अगदी साधी असते. ‘रोज डोके धुवा’ ही सूचना ज्या केसांना धुणे, गुंता सोडवणे, वाळवणे आणि वेण्या घालणे यांत पूर्ण दिवस जातो, त्यांना लागू पडत नाही. या दिवसाला तिकडे ‘वॉश डे’ असे नावच आहे. अल्कोहोल असलेले द्रावण हे केस आणखी कोरडे करते. त्याऐवजी तेलात बनवलेले औषध दिले की ते वापरले जाते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांत कृष्णवर्णीय डॉक्टर सुमारे ३ टक्के आहेत. आपले केस कधी हाताळलेलेच नाहीत अशा माणसासमोर विग काढण्याची लाज वाटते, हे स्त्रिया सांगतात.

झाकणे, कापणे, दाखवणे. डोके झाकण्याला या समाजात जुना इतिहास आहे. १७८६ साली लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना केस फडक्याखाली झाकण्याचा हुकूम काढला. त्यांनी रंगीत, उंची कापडे घेऊन त्या फडक्याचेच भूषण केले. आज विग, रुमाल, रात्री उशीशी घर्षण होऊ नये म्हणून घातलेली साटीनची टोपी यांतून गळतीही झाकली जाते. रसायनाने सरळ केलेले सगळे केस एकदाच कापून टाकण्याला ‘बिग चॉप’ म्हणतात. काही जणींना विरळ जागा किती आहे हे त्याच दिवशी प्रथम दिसते. केस सरळ करणाऱ्या रसायनांचा वारंवार वापर आणि गर्भाशयाचा कर्करोग यांत संबंध दाखवणारा अभ्यास २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यानंतर अशा कापणीला आणखी एक कारण मिळाले.

केसांच्या ठेवणीवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ साली सर्वांत आधी केला. पुढे अनेक राज्यांनी तो घेतला. नैसर्गिक केस ठेवून कामावर जाता आले तर ओढ आणि रसायने दोन्ही टळतात, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनाही या कायद्यात रस आहे. जानेवारी २०२०मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रेस सदस्य अयाना प्रेस्ली यांनी विग काढून आपले पूर्ण केस गेलेले डोके दाखवले. त्यांचा विकार चाई, वर सांगितलेल्या दोन्हींहून वेगळा. पण तोपर्यंत त्यांच्या वेण्यांचीच ओळख झाली होती, त्यामुळे त्या कृतीने अनेकींना वाचा फुटली.

माथ्याचा मध्य ज्याचा त्याला दिसत नाही. तो आधी दिसतो वेण्या घालणाऱ्या बाईला. तिने सांगितले तर गिऱ्हाईक वेण्या थांबवील आणि तिचाच धंदा बुडेल, तरी पुष्कळ जणी सांगतात. काही तज्ज्ञ आता मुद्दाम सलूनमधल्या कारागिणींना ही लक्षणे ओळखायला शिकवतात. जिला असे सांगणारे कोणी नाही, तिला एक सोपी युक्ती सांगितली जाते : महिन्यातून एकदा, त्याच जागी भांग पाडून, त्याच उजेडात फोनने वरून फोटो काढायचा आणि भांग रुंदावतो आहे का ते ताडून पाहायचे.