पायातलं रक्त वर कसं चढतं?

हृदयातलं रक्त पायापर्यंत उतरतं यात फारसं नवल नाही. मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त धमन्यांत ढकलतं, आणि पाय तर खालीच आहेत. खरं नवल परतीच्या वाटेचं! धमन्यांना फाटे फुटत फुटत केसाहून बारीक केशवाहिन्या होतात. तिथे रक्त पेशींना ऑक्सिजन देतं, कार्बन डायऑक्साइड घेतं. पण अशा अरुंद वाटांतून जाताना हृदयाने दिलेला जोर बहुतेक संपतो. पुढे लागतात शिरा. त्यांच्या भिंती पातळ, ताणल्या जाणाऱ्या, त्यामुळे उभं राहिलं की रक्त त्यांत साचू लागतं.

ते वर चढवते तुमची पोटरी. पाऊल टाकताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि आत खोलवर असलेल्या शिरा पिळल्या जातात. पिळलेलं रक्त खालीही गेलं असतं, पण शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात. प्रत्येक झडपेला दोन नाजूक पाकळ्या. रक्त वर जाताना त्या उघडतात, मागे येऊ लागलं की मिटतात. निश्चल उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. चार पावलं चालताच तो ३०च्या आसपास उतरतो.

झडप तुम्हालाही ओळखता येईल. आजोबांना हात मिनिटभर खाली सोडायला सांगा. कोपराखाली, आतल्या बाजूला शीर फुगलेली दिसेल. (ती निळसर दिसते, पण आतलं रक्त गडद लालच असतं.) मनगटाकडच्या टोकाला एका बोटाने शीर हलकेच दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त सारत न्या आणि ते बोट उचला. वाटेत झडप असेल तर वरचं रक्त तिथपर्यंतच परत येईल, खालचा तुकडा रिकामाच राहील. आता पहिलं बोट काढा, शीर खालून भरेल. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध करताना हाच प्रयोग चित्रांसह छापला. त्यांचे गुरू फॅब्रिशियस यांनी या झडपा आधीच पाहिल्या होत्या, पण त्या रक्ताचा वेग फक्त कमी करतात असं त्यांना वाटलं.

झडपा नीट मिटेनाशा झाल्या तर रक्त मागे झिरपतं आणि शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. तासन्‌तास उभ्याने काम करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

झडपा धडधाकट असल्या तरी पोटरी थांबली की पंचाईत होते. प्रार्थनेला बराच वेळ ताठ उभं राहिलं की पायांत रक्त साचतं, मेंदूला कमी पडतं आणि चक्कर येते. म्हणून उभ्या उभ्याच टाचा उचला, पोटऱ्या आवळा. कुणी कोसळलंच तर त्याला धरून उभं करू नका, तसंच आडवं ठेवून पाय थोडे उंच करा. मिनिटभरात शुद्ध आली नाही, तर लगेच मोठ्यांना सांगून डॉक्टरांना बोलवा.