ग्रह रांगेत आले की समुद्र चढतो का?

शुक्र, गुरू, शनी संध्याकाळी एका ओळीत दिसू लागले की कोकण किनाऱ्यावर निरोप फिरतो: "ग्रहांच्या ओढीने मोठं उधाण येणार, होड्या वर घ्या." यात तथ्य नाही.

भरती आणणारी ओढ अंतराच्या घनाने घटते; अंतर दुप्पट झालं की ती आठपट कमी. म्हणूनच सूर्य एवढा अवाढव्य असूनही त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून कमी पडतो. शुक्र चंद्राच्या 66 पट जड, पण अगदी जवळ आला तरी सुमारे 4 कोटी किलोमीटरवर, म्हणजे चंद्रापेक्षा शंभरपटीहून लांब. त्याचा जोर चंद्राच्या 19 हजारांत एक भाग. दोन मीटरच्या भरतीत तो जेमतेम 0.1 मिलिमीटरची भर घालतो. गुरूचा वाटा त्याहूनही कितीतरी कमी.

फेब्रुवारी 1962 मध्ये अष्टग्रहीची, म्हणजे आठ ग्रह एकाच राशीत येण्याची, धास्ती देशभर होती. त्या आठांत सूर्य आणि चंद्रही होते, म्हणजे अमावास्याच होती! उधाण त्या दोघांचं.

होडी कधी ओढायची ते तिथी सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. सगळ्यात मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. खरी काळजी घ्यायची ती पावसाळी उधाणाची. हवेचा दाब 1 मिलिबारने उतरला की पाणी सुमारे 1 सेंटीमीटर चढतं, आणि वारा किनाऱ्याकडे असेल तर लाटा बांध ओलांडून माडांच्या वाडीत शिरतात.